‘गिऱ्या’ म्हणजे पडलं

फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार, सकाळी साडेदहा. ठरलेली फी अठराशे रुपये. हजर चौघं: मी, माझी बायको, माझी आई आणि साडेतीन वर्षांची आमची धाकटी मुलगी. जागा पेठ गावातली, हायवेला लागून असलेल्या एका इमारतीचा पहिला मजला. पुण्याहून एक मॅडम आठवड्यातले दोन दिवस तिथे येऊन लहान मुलांची विकास-तपासणी करत. आमची मुलगी बोलत नव्हती. ती मागे आहे का, असली तर कशात आणि किती, आणि येत्या जूनमध्ये तिला कुठे पाठवायचं, हे त्या दिवशी ठरणार होतं.

आम्ही जुन्नरचे. माझं दुकान नारायणगावात, बारदान, सुतळी आणि टोमॅटो भरायच्या प्लास्टिकच्या कॅरेटचं. मोठा मुलगा आणि मधली मुलगी वेळेवर बोलली. त्यांच्यानंतर बऱ्याच वर्षांनी ही झाली. पहिल्या वाढदिवसाला ती चालत होती, दोन वर्षांची असताना बारदानाच्या थप्पीवर चढून बसायची. पण बोलणं पुढे सरकेना. तीन वर्षं झाली तेव्हा आम्ही पुण्याला नेऊन कान तपासून आणले. दोन्ही कान चांगले निघाले. मग नातेवाईक म्हणाले, काही मुलं उशिरा बोलतात. हे ऐकायला बरं वाटायचं, म्हणून आम्ही ते पुन्हापुन्हा ऐकलं.

इथे आमच्या भाषेबद्दल सांगायला हवं. घरात आम्ही आमची बोली बोलतो. बाहेरचे लोक तिला हिंदी म्हणतात, पण टीव्हीवरची हिंदी आणि ती एक नव्हे. शाळा मी मराठीत शिकलो, दुकानाचा हिशोब मराठीत, मनातल्या मनात मोजतो तेही मराठीत. माझी आई मराठवाड्याकडून लग्न होऊन इकडे आली त्याला पन्नास वर्षं होत आली. बाजारापुरती मराठी तिला येते, भाजीवालीशी भांडण्याइतकी तर चांगलीच येते. पण त्या भाषेत तिने कधी कुठलं मूल मांडीवर घेतलेलं नाही.

दिवाळीनंतर मुलीला एका इंग्रजी शाळेच्या बालवर्गात घालायचं म्हणून पाच हजार रुपये अनामत भरली. तिथल्या मुख्य बाईंनी मुलगी बोलत नाही हे पाहिलं आणि सांगितलं, घरी एक, बाहेर दुसरी, टीव्हीवर तिसरी, एवढ्या भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो. घरात फक्त मराठी ठेवा, शाळेत आम्ही इंग्रजी करून घेऊ. बोलायला लागली तर प्रवेश पक्का, नाहीतर पुढे बघू.

बायकोने ते मनावर घेतलं. मलाही पटलं. त्याच दिवसापासून घरात मराठी सुरू झाली. मधल्या मुलीने पहिले काही दिवस त्याची थट्टा केली. जेवताना ताठ बसून “मातोश्री, कृपया मीठ सरकवावे” असं म्हणायची आणि भावाला हसवायची. आईने दोन दिवस प्रयत्न केला. नातीला “पाणी पी”, “इकडं ये” एवढं म्हणून झालं की तिचे शब्द संपायचे. तिसऱ्या दिवसापासून ती नातीशी हातांनीच बोलू लागली. हनुवटीने दार दाखवायची, बोटाने ताट. आधी त्या दोघींचा दुपारभर चाललेला आवाज दुकानातून फोन केला तरी मागे ऐकू यायचा. तो थांबला. आम्हाला वाटलं, आई आता सहकार्य करते आहे.

पेठचा पत्ता आम्हाला पिंपळवंडीच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने दिला. जानेवारीत तो कॅरेट न्यायला आला होता आणि त्या दिवशी मुलगी दुकानात होती. तिने त्याचं बोट धरलं, बिस्किटांच्या बरणीपर्यंत ओढत नेलं आणि त्याचा हात उचलून झाकणावर ठेवला. तोंडातून शब्द नाही. मी म्हणालो, समजतं तिला सगळं, फक्त बोलत नाही.

तो म्हणाला, “आमीबी असंच म्हणत व्हतो, माझ्या नातवाचं. शेठ, एक बारदान घेताना तुमी ते उजेडात धरता, हात आत घालून चाचपता. पोरीचं मात्र लांबनंच बघून सांगता, समजतं सगळं. असं कसं राव?”

मी हसण्यावारी नेलं. त्याने पैसे दिले, कॅरेट जीपमध्ये भरले, आणि जाताना परत येऊन पेठच्या मॅडमचा नंबर माझ्या बिलबुकाच्या पुठ्ठ्यावर लिहून गेला.

बायकोने फोन केला तेव्हा मी शेजारीच होतो. मॅडमनी जन्माच्या वेळचं विचारलं, आजारपणं विचारली, कधी बसली, कधी चालली ते विचारलं. मग विचारलं, घरात कोणती भाषा बोलता? बायको म्हणाली, मराठी. तीन महिने आम्ही मराठीच बोलत होतो. तिने खोटं काही सांगितलं नव्हतं आणि मलाही त्यात दुरुस्त करण्यासारखं काही वाटलं नाही.

त्या मंगळवारी आईला न्यायचं ठरलेलं नव्हतं. पण मुलगी तिच्याशिवाय गाडीत बसेना, म्हणून ती आली. गाडी नारायणगावच्या पुढे गेल्यावर बायकोने मागे वळून तिला सांगितलं की तिथे तुम्ही काही बोलू नका, जे विचारतील ते मी सांगेन. आईने मान हलवली. बायको मग मुलीकडे वळली. लाल कुठला, गाय कशी ओरडते, नाक कुठे आहे. मॅडमनी विचारलं तर काय सांगायचं? मुलगी खिडकीतून कांद्याचे ट्रक बघत होती. बायकोने तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं. ते परत खिडकीकडे गेलं.

मंचरला मी चहासाठी थांबलो. बायको मुलीला घेऊन दुकानाकडे गेली तेव्हा आई मागच्या सीटवरून पुढे वाकली. लाडाने नात बिघडवली, असं आमच्याकडच्या एका लग्नात कोणीतरी तिला ऐकवलं होतं, हे मला माहीत होतं. ती हळू आवाजात म्हणाली, “वो मेरा नाम लिखेगी क्या उसमें?”

मी म्हणालो, तुझं नाव कशाला लिहील कोणी. पण त्या कागदावर काय लिहितात हे मला तरी कुठे माहीत होतं?

मॅडम साधारण माझ्या वयाच्या होत्या. अंगावर पांढरा कोट नव्हता, खोलीत टेबलाऐवजी सतरंजी होती, तिच्यावर एक पेटी. आईला त्यांनी दाराजवळच्या खुर्चीवर बसवलं. सुरुवात चांगली झाली. मुलगी जिना हात न धरता चढली, दोन्ही पायांनी उडी मारली, चेंडू लाथाडला. मणी दोऱ्यात ओवले. कागदावर उभी रेघ बघून उभी रेघ काढली. मी मनात मोजत होतो आणि गणित चांगलं लागत होतं.

मग मॅडमनी पेटीतून चित्रं बाहेर काढली. आठ चित्रं सतरंजीवर मांडली आणि विचारलं, “कुत्रा कुठे आहे?” मुलीने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. बायकोची नजर कुत्र्याच्या चित्राकडे गेली, आणि मुलीचं बोट त्या नजरेच्या मागोमाग कुत्र्यावर. मॅडमनी ते पाहिलं. त्यांनी बायकोला अगदी सौम्यपणे सांगितलं की तुम्ही तिच्या पाठीमागे बसा, आणि मला म्हणाल्या, तुम्हीही. मग मांजर विचारलं. घोडा. केळं. चप्पल. मुलगी प्रत्येक वेळी मॅडमच्या डोळ्यांकडे बघायची आणि त्या समोर बघत राहायच्या. हातही मांडीवर बांधलेले. चित्रांपैकी एक बरोबर आलं, तेही मला वाटतं चुकून. “बाहुलीला पाणी दे” म्हटल्यावर तिने बाहुली उचलली आणि तिचा बूट काढला.

समजतं तिला सगळं, असं मी किती जणांना सांगितलं होतं. ती आमचे हात, हनुवट्या आणि डोळे वाचत होती. शब्द बाजूला काढल्यावर काय उरतं ते माझ्या समोर होतं. मी आयुष्यभर व्यापाऱ्यांची तोंडं वाचत आलो. समोरचा भाव किती खाली आणणार ते मला आधी कळतं. मॅडमच्या तोंडावरून मला काही म्हणता काही कळत नव्हतं.

पुढे लाकडी ठोकळे आले. मुलीने एकावर एक सात रचले, आठवा ठेवताना सगळे कोसळले. तिने दाराकडे वळून काहीतरी म्हटलं आणि पुन्हा पहिला ठोकळा उचलला.

मॅडमनी विचारलं, “ती आत्ता काय म्हणाली?”

“काही नाही,” बायको म्हणाली. “असाच आवाज काढते ती.”

मॅडम लिहायला खाली वाकल्या. तेवढ्यात दाराजवळून आईचा आवाज आला.

“गिऱ्या बोली वो. लकडा गिऱ्या.”

बायकोने वळून तिच्याकडे पाहिलं. आई लगेच पदर सारखा करू लागली. मॅडमनी पेन खाली ठेवलं. आईला विचारलं, आजी, गिऱ्या म्हणजे पडलं ना? हे ती घरी म्हणते?

आई माझ्याकडे बघत राहिली. मग ती म्हणाली, “मना किया है बोलने कू.”

खाली हायवेवरून गाड्या जात होत्या. मग बायकोने सांगितलं, शाळेच्या बाईंनी सांगितलं म्हणून तीन महिने आम्ही मराठीच बोलतो. त्याआधी? त्याआधी आमची बोली. आणि आजी तिच्याशी काय बोलतात? यावर बायको थांबली. ती प्रामाणिक बाई आहे, म्हणून थांबली. “त्या गप्पच असतात,” ती म्हणाली.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की दोन किंवा तीन भाषांमुळे मुलाचं बोलणं अडत नाही. ज्या मुलाला बोलण्याची अडचण आहे त्याला ती प्रत्येक भाषेत असते, आणि ज्याला नाही ते दोन्ही भाषा हळूहळू वेगळ्या करतं. पण त्याच्याकडे काय आहे ते मोजायचं तर ज्या-ज्या भाषेत ते आहे, त्या सगळ्या भाषांत मोजावं लागतं. हे सांगून झाल्यावर त्यांनी आपल्या कागदावर एक आडवी रेघ मारली आणि म्हणाल्या, “मग आत्तापर्यंत मी निम्मीच मुलगी तपासली.”

आईला सतरंजीवर बोलावलं. तिच्या गुडघ्यांमुळे तिला खाली बसायला वेळ लागला. मॅडमनी अट घातली, हात मांडीवर, नजर समोर, बोट नाही, हनुवटी नाही. आईने हात बांधले आणि दोनदा नुसतंच तोंड उघडलं. मग मला म्हणाली, हात बांधून बोल म्हणजे तोंड बांधून बोल म्हणण्यासारखंच आहे, माझ्या सासूनेसुद्धा एवढं केलं नव्हतं. मी ते मॅडमना सांगितलं. त्या हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदा.

“बिल्ली किदर है?” आईने विचारलं.

मुलीने मांजरावर बोट ठेवलं. लगेच. कुत्ता, बरोबर. चप्पल, बरोबर. केला, बरोबर. आईचा आवाज वाढत गेला, तिच्या मांडीवरचे हात सुटायला लागले, मॅडमनी खुणेने ते परत बांधायला लावले. मला वाटायला लागलं की सगळा गैरसमजच होता, भाषेचा घोळ होता, मुलगी ठीक आहे, गाडी काढावी आणि घरी जावं.

पण घोडा आला नाही. पंखा आला नाही. “चम्मच गुडिया के नीचे रख” म्हटल्यावर तिने चमचा बाहुलीच्या तोंडाला लावला. “पहले गेंद दे, फिर कंगी दे” यावर ती नुसती बसून राहिली. आईने तेच तीनदा विचारलं. घरी करते ती, असं ती म्हणू लागली.

“आजी, राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “नाही आलं, तेही मला कळायला हवं.”

आठ चित्रांपैकी पाच. दोन गोष्टी एकत्र सांगितल्या तर शून्य. त्यानंतर तिचे सगळे शब्द मोजायचे होते. आई सांगत गेली: पानी, नक्को, होना म्हणजे हवं, आजा, गिऱ्या, दादी, भू म्हणजे भूक. एक-दोन मराठी बायकोने सांगितले. मधेच ती म्हणाली, “ते ‘ओना’ म्हणजे होना होतं?” तिने ते रोज ऐकलं होतं आणि नुसता आवाज म्हणून सोडून दिलं होतं. एकूण बावीस शब्द झाले. त्या वयाची मुलं वाक्यं बोलतात, हे मॅडमनी लपवलं नाही.

तासाभराने आम्ही पुन्हा बसलो. मॅडमनी आकडे सांगितले. चालणं, पळणं, चढणं तिच्या वयाचं. हातांची कामं तीन वर्षांची. स्वतःचं स्वतः करणं, जेवण, कपडे, अडीच वर्षांचं, कारण ते आम्हीच करून टाकतो. समजणं दोन वर्षं तीन महिन्यांचं. बोलणं दीड वर्षाचं.

मी म्हणालो, हे पाच आकडे झाले, आम्हाला एक सांगा. त्या म्हणाल्या, एक नाही. मी खिशातला पेन काढला आणि त्यांच्या समोरच बेरीज करून पाचाने भागलं. दोन वर्षं सात महिन्यांच्या आसपास आलं. कागद त्यांच्यापुढे सरकवला. हे बरोबर आहे का?

“भागाकार बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पण दोन वर्षं सात महिन्यांची मुलगी इथे कुठे आहे? जिन्यावर तुम्ही तिला उचलून घ्यायला लागाल, आणि ज्यात तिला खरंच मदत हवी तिथे कमी मदत कराल.”

मी कागद परत घेतला.

मग बायकोने विचारलं, आणि विचारताना मराठीतला तो कडक शब्दच वापरला, कारण दुसरा तिला माहीत नव्हता: “ती मतिमंद आहे का?”

मॅडम म्हणाल्या, आज जे दिसलं त्यावरून मी असा कुठलाही शब्द तिच्यावर लावणार नाही. समजणं आणि बोलणं खरंच मागे आहे. ते नुसतं भाषेमुळे नाही आणि आपोआप भरून येईल असं मी सांगणार नाही. सहा महिने काम करू आणि पुन्हा बघू. कदाचित बरंच भरून येईल, कदाचित थोडं. आजचा कागद ती कोण आहे हे सांगायला नाही, उद्या सकाळी घरात काय सुरू करायचं ते सांगायला आहे.

उद्या सकाळचं मग त्यांनी लिहून दिलं. आजींनी दिवसभर आपल्या बोलीत बोलायचं, जे करतो ते बोलत करायचं, आणि दिवसातून थोडा वेळ हात न हलवता. बाकीच्यांनी ज्याला जी भाषा येते ती बोलावी. तिला काही हवं असेल तर दोन वस्तू पुढे धरायच्या आणि नाव विचारून मनात दहा मोजेपर्यंत थांबायचं, आधी द्यायचं नाही. कपडे, चप्पल, जेवण तिचं तिने. आठवड्यातून एकदा पेठला. आणि शाळा? इंग्रजी शाळेची घाई नको, असं त्यांचं मत होतं. घराजवळच्या अंगणवाडीत रोज दोन तास, इतर मुलांत. ठरवायचं तुम्ही.

आई इतका वेळ कागदाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही. तिने मला कोपराने ढोसलं. मी तिला दाखवलं, इथे लिहिलंय, रोजचा सराव: आजी. तिने त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि विचारलं, चूक म्हणून लिहिलं की काम म्हणून? काम म्हणून, मी म्हणालो.

अठराशे रुपये दिले आणि निघालो.

गाडी मंचरला पोचली. मग बायको पुढे बघतच म्हणाली, “म्हणजे तीन महिने मी पोरीचं तोंड बंद केलं.”

मागून आई म्हणाली, “तू मेरा बंद करी. उसका नहीं.”

हे सुनेला सोडवण्यासाठी होतं की टोचण्यासाठी, मला अजून सांगता येणार नाही. दोन्ही असावं. थोड्या वेळाने आई नातीकडे वळली आणि सुरू झाली. देख, ट्रक. बडा ट्रक. प्याज का ट्रक. तीन महिन्यांचं साठलेलं होतं, ते नारायणगाव आलं तरी संपेना. कळंबच्या पुढे केव्हातरी बायकोने न बोलता पाण्याची बाटली मागे दिली, आणि आईने ती घेतली.

शाळेचं मात्र चार दिवस ठरेना. बायकोला ती शाळा हवी होती. तिथे गणवेश होता, गाडी होती, आणि तिथे गेलेली मुलगी लोकांच्या नजरेत ठीक होती. अंगणवाडीत घातली तर सगळं गाव विचारणार. मी माझं मत एकदाच सांगितलं, अंगणवाडी. शनिवारी बायको एकटीच शाळेत गेली. परत आल्यावर तिने सांगितलं की मुख्य बाई म्हणाल्या, अशाने मुलगी बाकीच्यांच्या मागे पडेल. तू काय म्हणालीस? “म्हणाले, ती आत्ताच मागे आहे, म्हणून तर काढतेय.” अनामत मिळाली नाही. पाच हजार गेले. आमच्यात त्यावर पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

पुढचे महिने सोपे नव्हते. दहा मोजणं हे वाटतं तितकं हलकं काम नाही. मुलगी बिस्किटासाठी रडत असते आणि आपण आत सहावर असतो. मी दोनदा सहावरच दिलं, मधल्या मुलीने पकडलं. मे-जूनमध्ये टोमॅटोचा हंगाम लागला आणि मला दुकानातून हलता येईना, तेव्हा सासूसुना एसटीने पेठला जायला लागल्या. जाताना खिडकीवरून भांडायच्या, परत येताना मॅडम काय म्हणाल्या यावरून. काही मंगळवार चुकले. काही आठवड्यांत एकही नवा शब्द आला नाही, आणि आलेला एखादा गेल्यासारखा वाटला. तरी घरातला दुपारचा आवाज परत आला होता. दुकानातून फोन केला की मागे तो ऐकू यायचा.

ऑगस्टमध्ये फेरतपासणी झाली. फी नऊशे. हजर तेच चौघं. मुलगी त्या दिवशी बिनसलेली होती, निम्मा वेळ पेटीच्या मागे जाऊन बसली. तरी “चमचा बाहुलीच्या खाली” तिने ठेवला, आणि तोही मराठीत सांगितलेला. समजणं आठ महिन्यांनी पुढे सरकलं होतं. मधे महिने गेले सहा, हे मी मनात टिपलं. बोलणं पाचच महिन्यांनी पुढे गेलं होतं. म्हणजे तिथलं अंतर कमी झालं नव्हतं, वाढलंच होतं. मी सरासरी काढली नाही. बोलण्याचा सराव आठवड्यातून दोनदा करायचा, बाकी आहे तसं ठेवायचं, असं ठरलं.

एक गोष्ट अडली. दोन शब्द जोडते का, हे मॅडमना बघायचं होतं. आई म्हणाली, जोडते. पण त्या खोलीत मुलीने जोडले नाहीत. मॅडमनी लिहिलं, घरच्यांच्या सांगण्यानुसार. मी ते वाचून दाखवलं तेव्हा आईला राग आला. मैं झूट बोलूंगी क्या?

“नाही आजी,” मॅडम म्हणाल्या. “पण तुम्ही ऐकलेलं आणि मी ऐकलेलं मी वेगवेगळं लिहिते. पुढच्या वेळी एकाच जागी लिहीन.”

मला हे आवडलं. हिशोब असाच लिहावा.

परत येताना मंचरला थांबलो. स्टँडच्या बाहेर केळीची गाडी होती. मुलगी माझ्या आईच्या कडेवरून खाली उतरली, गाडीपाशी गेली आणि माझा हात धरून ओढायला लागली, पूर्वी बरणीकडे ओढायची तशी. मी हात सैल सोडला आणि समोर बघत उभा राहिलो. बायकोने खिशाकडे जाणारा माझा दुसरा हात धरला. केळीवाला विचारत होता, किती देऊ. कोणी त्याला उत्तर देईना. मी मोजत होतो. आठ. नऊ.

“केला होना,” ती म्हणाली.

केळीवाल्याला काही कळलं नाही. तो म्हणाला, “पावणं, घेताय ना?” मी एक डझन घेतली. त्या दिवशी मॅडमना नऊशे दिले आणि केळीवाल्याला साठ.